खोल पाण्याचा हिशेब स्वतःच्या अंगावर मांडणारे हॉल्डेन

बीड जिल्ह्यातल्या तेलगावहून समुद्र फार लांब. इथली मुले पोहायला शिकतात ती विहिरीत, पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून. थोडे धाडस आले की पैज लागते, बुडी मारून तळाची मूठभर माती वर आणून दाखवायची. दहा-बारा फूट खाली गेले की कानात कळ येते, हे या मुलांना कुणी शिकवावे लागत नाही. तीच मुले मोठी झाली की चार मित्र मिळून गाडी करतात आणि दिवाळीनंतर मालवण-तारकर्लीला स्कुबा डायव्हिंग करायला निघतात. पिशवीत डोकेदुखीची गोळी, सर्दीची गोळी, बाम, पट्टी आणि ओआरएसची दोन पाकिटे पडतात. जाणाऱ्याला वाटते, तयारी झाली.

या पिशवीत काय हवे, काय नको, आणि कोणते औषध पिशवीत मावतच नाही, याची बरीचशी उत्तरे एका माणसाने स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून मिळवायला मदत केली. जॉन बर्डन सँडर्सन हॉल्डेन हे त्यांचे नाव. जगाला ते जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून माहीत आहेत. जन्माने इंग्रज, पण मरताना ते भारताचे नागरिक होते.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डला झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनाचे मोठे शास्त्रज्ञ. खाणीत स्फोट झाला, कुठे विषारी वायूने माणसे मेली, की त्यांना बोलावणे यायचे. घरातच प्रयोगशाळा होती आणि मुलगाही प्रयोगाचे साहित्य होता. तपासणीसाठी त्याचे रक्त काढले जाई. एकदा वडिलांनी त्याला कोळशाच्या खाणीत नेले. छताजवळ मिथेन साचलेल्या एका जागी त्याला उभे केले आणि शेक्सपिअरच्या नाटकातले अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. थोड्याच वेळात पोराला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगत मात्र त्याला नीट श्वास घेता आला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, वर साचतो, हा धडा तो जन्मभर विसरला नाही.

मराठवाड्यात हाच धडा उलटा लक्षात ठेवावा लागतो. जुन्या, बंद पडलेल्या विहिरीच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साचतो. तो हवेपेक्षा जड असतो. तिथे खाली वाकणारा वाचत नाही, आणि त्याला काढायला मागोमाग उतरणाराही वाचत नाही. गाळ काढायला उतरताना एकामागून एक माणसे गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. कुणी खाली पडलाच तर दोर कमरेला बांधल्याशिवाय आणि ताजी हवा आत सोडल्याशिवाय मागे उतरू नये.

पाण्याशी हॉल्डेन यांची ओळखही वडिलांमुळेच झाली. त्या काळी ब्रिटिश नौदलाच्या पाणबुड्यांना एक आजार छळत होता. खोल पाण्यात काम करून माणूस वर आला की सांधे ठणकायचे, कधी पाय लुळे पडायचे, कधी जीवही जायचा. याला बेंड्स म्हणतात. कारण समजायला गोटी सोड्याची बाटली पुरेशी आहे. बाटली बंद असते तोवर दाबाखाली वायू पाण्यात विरघळलेला राहतो. गोटी आत ढकलली की दाब सुटतो आणि बुडबुडे फसफसून वर येतात. पाण्याखाली दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. श्वासातला नायट्रोजन या दाबामुळे रक्तात आणि चरबीत विरघळत राहतो. माणूस झपाट्याने वर आला तर तोच नायट्रोजन अंगातल्या अंगात बुडबुडे करतो.

थोरल्या हॉल्डेन यांनी यासाठी बकऱ्या निवडल्या. त्यांना दाबाच्या टाकीत ठेवायचे, मग दाब कमी करायचा आणि पाहायचे. त्रास झालेली बकरी पुढचा पाय उचलून धरते, त्यामुळे तिला बोलता येत नसले तरी कळते. त्यातून त्यांना असे दिसले की दाब एकदम निम्म्यावर आणला तर सहसा अपाय होत नाही, त्यापुढे मात्र टप्प्याटप्प्याने, मध्ये थांबत यावे लागते. नंतरच्या संशोधकांनी हे प्रमाण आणखी सावध केले, पण पायऱ्या पायऱ्यांनी वर यायची पद्धत तीच राहिली. १९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष बुड्या मारून हे तपासले गेले, आणि तेव्हा १३ वर्षांचा असलेला मुलगाही पाणबुड्याचा पोशाख घालून खाली गेला. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा होता. त्यात पाणी शिरू लागले. तरी पोरगा घाबरून धडपडला नाही. १९०८ मध्ये वडिलांनी सहकाऱ्यांसह वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. आजच्या पाणबुड्याच्या मनगटावरचा संगणक जो हिशेब करतो, त्याचे मूळ तिथे आहे.

तेलगावच्या मंडळींना या हिशेबाची गरज परतीच्या वाटेवर पडते. मालवणहून देशावर यायचे तर सह्याद्रीचा कुठला तरी घाट चढावाच लागतो. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ८ टक्क्यांनी कमी असतो. सोड्याची गोटी इथे आणखी थोडी आत ढकलली जाते. पर्यटकाची बुडी उथळ आणि काही मिनिटांची असते, तिचा धोका कमी. पण प्रशिक्षणासाठी गेलेला, दिवसातून दोन-तीनदा खोल गेलेला माणूस शेवटची बुडी मारून लगेच गाडीत बसला आणि रात्रीच घाट चढला, तर त्याने हा हिशेब मोडला. विमानासाठी सर्वसाधारण नियम असा आहे, की एकाच साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे. सुमारे ६०० मीटरवरच्या घाटालाही तोच नियम लावावा. एक रात्र मालवणातच काढली तर बिघडत नाही, माशाचे जेवणही होते.

हॉल्डेन ईटनला आणि मग ऑक्सफर्डला शिकले. आधी गणित, नंतर ग्रीक-लॅटिन आणि तत्त्वज्ञान. विज्ञानाची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात गेले. १९१५ मध्ये जर्मनांनी ईप्रच्या आघाडीवर क्लोरीन वायू सोडला, तेव्हा वडिलांनी त्यांना आघाडीवरून बोलावून घेतले. बापलेक आणि काही सहकारी वायू भरलेल्या खोलीत बसून मुखवटे तपासत होते. पुढे मेसोपोटेमियात ते जखमी झाले आणि उपचारासाठी त्यांना भारतात आणले. देश आवडला, पण गोऱ्या साहेबाला इथल्या माणसांत बरोबरीने मिसळता येत नाही हे पाहून, तसे मिसळता येईल तेव्हाच परत यायचे, असे त्यांनी ठरवले. तो दिवस यायला ४० वर्षे लागली.

मधल्या काळात ते केंब्रिजला जीवरसायन शिकवत होते, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. उत्क्रांतीला गणिताची बैठक देणाऱ्या तिघांत त्यांचे नाव घेतले जाते. मलेरियाच्या प्रदेशात थॅलेसेमियासारखे रक्ताचे आजार का टिकून राहतात, याचा त्यांनी १९४९ मध्ये मांडलेला तर्क पुढे सिकलसेललाही लागू पडला. हा सगळा मोठा विषय आहे आणि त्यावर पुस्तके आहेत. स्वतःवर प्रयोग करण्याची घरची सवय मात्र सुटली नव्हती. रक्तातले आम्ल वाढले की काय होते हे पाहायला त्यांनी अमोनियम क्लोराइड पोटात घेतले आणि कित्येक दिवस धापा टाकत काढले.

मग १ जून १९३९ उजाडला. थेटिस नावाची नवी ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीसाठी पहिल्यांदा पाण्याखाली गेली ती वर आलीच नाही. आत १०३ माणसे होती. चौघे सुटले, ९९ गेले. मृतांत पुष्कळ कामगार होते. कामगार संघटनांनी हॉल्डेन यांना चौकशीत मदत मागितली. त्यांनी नेहमीचीच पद्धत वापरली. स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेले काही साथीदार गोळा केले, पाणबुड्यांचे साहित्य बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या पोलादी टाकीत ते सगळे बसले आणि दार बंद करून घेतले. तासन्‌तास तीच हवा. कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तसे डोके ठणकू लागले, धाप लागली. त्या हवेतून सुटकेच्या उपकरणातल्या ऑक्सिजनवर आले की उलट्या होत. तोंडात नळी असताना उलटी झाली तर माणूस ती नळी काढतो आणि पाणी ओढतो. पाणबुडीतली माणसे सुटकेचे साधन जवळ असूनही का अडली असतील, याचा अंदाज आला.

उलटीचा प्रश्न मालवणच्या होडीतही आहे. होडी लागणाऱ्याने गोळी घ्यावी, पण आदल्या दिवशी घरी घेऊन पाहावी. या गोळ्यांनी गुंगी येते, आणि खोल पाण्यात नायट्रोजनमुळे आधीच थोडी नशा चढते. दोन्ही एकत्र नकोत. रिकाम्या पोटी किंवा भरपेट जाऊ नये. रात्री घेतलेली दारू तर आणखीच वाईट, कारण ती शरीरातले पाणी कमी करते आणि बेंड्सची शक्यता वाढवते. ओआरएसची पाकिटे पिशवीत टाकणारा बरोबर करतो.

थेटिसनंतर नौदलाने हॉल्डेन यांना गुप्त कामाला घेतले. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. छोट्या पाणबुड्या आणि पाण्याखाली काम करणारे सैनिक किती खोल, किती वेळ, कोणत्या वायूवर टिकतील, हे शोधायचे होते. पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या हेलन स्परवे, सहकारी मार्टिन केस आणि स्पेनचे माजी पंतप्रधान, पेशाने शरीरशास्त्रज्ञ असलेले हुआन नेग्रिन असे चित्रविचित्र पथक आळीपाळीने टाकीत बसत असे. कधी टाकीत बर्फाचे पाणी भरलेले असे. दाब वाढवून आतल्या माणसाला गणिते घालायची आणि चुका मोजायच्या. १० वातावरणांच्या दाबाला साधी हवा घेतली तर शहाण्या माणसालाही बेरीज येईनाशी होते.

याच प्रयोगांत हॉल्डेन यांच्या कानाचे पडदे फाटले. ते नंतर बरे झाले, पण पूर्ण नाही. धूम्रपान करताना ते एका कानातून धूर सोडून दाखवत. लोक हसत. दाबाने फाटलेल्या पडद्यातून गार पाणी आत गेले की पाण्याखालीच गरगरते, वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही, ही त्यातली गंभीर गोष्ट. म्हणून कान दुखायच्या आधीच, उतरायला लागल्याबरोबर, नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचे असते. जोर लावायचा नाही. कान मोकळा होत नसेल तर थोडे वर यायचे, आणि तरी होत नसेल तर त्या दिवशी बुडीच नको. सर्दीची गोळी किंवा नाकात सोडायचे थेंब घेऊन जाणारे बरेच असतात. औषधाने नाक मोकळे होते, माणूस खाली जातो, आणि खालीच त्याचा असर उतरतो. मग वर येताना अडकलेली हवा बाहेर पडायला वाट शोधते. सर्दी असेल तर पैसे भरले असले तरी काठावर बसावे. कानात टाकायचे थेंबही पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय नकोत.

सर्वांत मोठा फटका त्यांना ऑक्सिजनने दिला. अतिशय दाबाखाली त्यांनी शुद्ध ऑक्सिजन घेतला. एरवी ज्याला चव नसते, त्या वायूला तिथे चव लागते, असेही त्यांनी नोंदवले. काही मिनिटांत त्यांना अपस्मारासारखे झटके आले आणि त्या झटक्यांनी पाठीचे मणके चेपले गेले. पाठदुखी कायमची मागे लागली. हेलन यांनाही असे झटके आले होते. श्वासाला लागणारा हा वायू खोल पाण्यात विष ठरतो. आज शुद्ध ऑक्सिजन साधारण ६ मीटरच्या खाली कुणी घेत नाही. स्कुबाच्या टाकीतही पर्यटकाला दाबून भरलेली साधी हवाच दिलेली असते.

पाण्याबाहेर मात्र उलट आहे. बेंड्स झालेल्या माणसाला होडीतच पहिले औषध द्यायचे ते शुद्ध ऑक्सिजन. त्याने रक्तातला नायट्रोजन लवकर बाहेर पडतो. पुढचा उपचार म्हणजे दाबाच्या टाकीत ठेवून ऑक्सिजन देणे, हॉल्डेन बसत होते तशाच टाकीत, पण मोजूनमापून. अशी सोय मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे. गावोगावच्या दवाखान्यात ती नसते. म्हणून ऑक्सिजनचे सिलिंडर आपल्या पिशवीत मावत नसले तरी होडीत चढण्याआधी त्याची चौकशी करायची. सिलिंडर भरलेले आहे का, मास्क कुठे आहे, तो लावायला कुणाला येते, जवळचा मोठा दवाखाना कोणता. प्रशिक्षित माणसाला हे विचारल्याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याबरोबर उतरू नये.

पिशवीतल्या बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. रोजची रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे दोन दिवस जास्तीची. दमा, हृदयविकार, फिट येण्याचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर केंद्रावरच्या अर्जात ते लपवू नये. दमेकऱ्याच्या फुप्फुसात हवा अडकली तर वर येताना ती फुगते. पाण्याखाली श्वास कधीच रोखून धरायचा नाही, याचेही कारण तेच. जंतुनाशक, चिकटपट्ट्या, कात्री, चिमटा, कारण खडकावरच्या कालवांनी पाय हमखास कापतात. धनुर्वाताची लस झालेली असावी. विषारी काट्याच्या माशाने टोचले तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आसपास, पाय बुडवून ठेवायचा. म्हणून पिशवीत थर्मास. पाण्याची गरमी आधी न दुखावलेल्या हाताने पाहावी. जेलीफिश लागली तर वाळूने चोळू नये. चिमट्याने तंतू काढून समुद्राच्याच पाण्याने धुवावे.

आणि एक कागद. हॉल्डेन टाकीत बसूनही, डोके दुखत असताना, वेळ आणि दाब लिहीत असत. बुडी किती वाजता, किती खोल, किती मिनिटे, वर केव्हा आलो, कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवावे. बेंड्सची बहुतेक लक्षणे पहिल्या २४ तासांत दिसतात. म्हणजे ती घाटात, कोल्हापूरच्या हॉटेलात किंवा तेलगावात घरी पोहोचल्यावरही सुरू होऊ शकतात. खांदा, कोपर, गुडघा ठणकतो, हातापायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. प्रवासाने अंग आंबले असे म्हणून माणूस वेदनाशामक गोळी घेतो आणि झोपतो. दुखणे दबते, बुडबुडे तिथेच राहतात. बीडच्या डॉक्टरांच्या मनात समुद्र येण्याचे काही कारण नाही. काल पाण्याखाली गेलो होतो हे त्यांना रुग्णानेच सांगायचे, आणि कागद पुढे ठेवायचा.

युद्धानंतर हॉल्डेन पुन्हा अनुवंशशास्त्राकडे वळले. कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकात ते वर्षानुवर्षे सामान्य वाचकांसाठी विज्ञानावर लिहीत होते. पुढे पक्षाशी त्यांचे फाटले. जुलै १९५७ मध्ये, सुएझ प्रकरणातल्या ब्रिटनच्या वागण्याचा निषेध करून, ते हेलन यांच्यासह कोलकात्याला आले. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ते काम करू लागले, कुर्ता-पायजमा घालू लागले आणि भारताचे नागरिक झाले. इथल्या विद्यार्थ्यांना ते महाग यंत्रांची वाट न पाहता डोळे उघडे ठेवून पक्षी, झाडे, कीटक मोजायला सांगत. संस्थेशी मतभेद झाल्यावर १९६२ मध्ये ते भुवनेश्वरला गेले आणि ओडिशा सरकारसाठी त्यांनी अनुवंशशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली.

१९६४ च्या सुरुवातीला लंडनमध्ये त्यांच्यावर गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी कर्करोगावर एक विनोदी कविता लिहिली. रक्त जाताना दिसले तर लाजू नका, लगेच डॉक्टरकडे जा, असा तिचा रोख होता. काहींना ती अभिरुचीहीन वाटली, पण ती अनेकांनी वाचली. शस्त्रक्रियेने रोग थांबला नाही. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह आंध्र प्रदेशातल्या काकिनाडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला.